हिशेब देणारी नम्रता

(जो. कॉ. कुमारप्पा यांच्या स्मरणार्थ वर्धा येथे दिलेले व्याख्यान)



ख्रिस्ती जीवनातील नम्रता हा विषय आपण मला दिलात. या विषयावर पुलपिटावरून आजवर इतके बोलले गेले आहे की श्रोत्यांना पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते. म्हणून आज मी एका माणसाच्या आधाराने बोलणार आहे. तो ख्रिस्ती होता, याच गावात बरीच वर्षे राहिला, आणि मगन संग्रहालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्याचे नाव आहे. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. मृत्यू ३० जानेवारी १९६०, मदुराई. ज्या तारखेला गांधीजी गेले त्याच तारखेला, बारा वर्षांनी, हाही गेला.

आधीच सांगून ठेवतो. कुमारप्पा मवाळ नव्हते. ते तापट होते, बोलायला फटकळ होते, समोरचा कोण आहे हे पाहून शब्द गिळणे त्यांना जमत नसे. नम्र माणसाचे जे चित्र आपल्या मनात असते, खाली मान घातलेला, हळू बोलणारा, कोणाला न दुखावणारा, त्यात ते कुठेच बसत नाहीत. आणि तरी नम्रतेसंबंधी मला जे सांगायचे आहे ते त्यांच्या आयुष्यातूनच सांगता येईल असे मला वाटते.

मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. तेव्हा ते पक्के साहेब होते. लंडनमध्ये हिशेब तपासनिसाचे शिक्षण झालेले, मुंबईत स्वतःचा व्यवसाय, मग अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत अभ्यास. कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी महसूल, सरकारी खर्च आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य यांचा संबंध तपासला होता, आणि तो प्रबंध गांधीजींना दाखवायचा होता. आश्रमात फिरत असताना झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा चालवताना दिसला. चरखा पूर्वी कधी पाहिलेला नव्हता, म्हणून हे काठीवर रेलून बघत उभे राहिले. भेटीच्या वेळेला अजून अवकाश होता. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने बोळके तोंड उघडून विचारले, तुम्हीच कुमारप्पा का? तेव्हा कुठे यांच्या लक्षात आले की हेच गांधी. आणि रेशमी पाटलोणीची कडक इस्त्री विसरून ते तिथेच जमिनीवर बसले. कोणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच सांगितला आहे.

प्रसंग सुंदर आहे, पण माझ्या मते तो नम्रतेचा पुरावा नाही. मोठ्या माणसापुढे कोणीही जमिनीवर बसतो. गांधींच्या पायाशी बसण्यात मानच होता. पुढे कोट-पाटलोण गेली, खादी आली. धोतर आणि पायजमा यांच्या मधला, कमी कापडात होणारा ‘धोतीजामा’ त्यांनी स्वतः योजला आणि तोच ते वापरू लागले. कॉर्नेलियस हे घराण्याचे आडनाव मागे पडून कुमारप्पा हे जुने नाव पुढे आले. या सगळ्याचे मोल मी कमी करत नाही. पण वर्धेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको की जाड्याभरड्या कपड्यालाही दिमाख चढतो. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही तेच. पांढरा झगा, क्रूसाची साधी लाकडी माळ, पाठीला पोक काढून केलेली प्रार्थना, मी पापी आहे हे ठसक्यात सांगणारी साक्ष. गर्वाला कोणताही वेष चालतो, आणि नम्रतेचा वेष तर त्याच्या विशेष आवडीचा.

या ठिकाणी सेवाग्रामच्या प्रार्थनेची आठवण करून देतो. तिथे एकादश व्रते म्हटली जातात. अहिंसा, सत्य, अस्तेय अशी अकरा. त्यांत नम्रता नाही. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर आठवड्याला आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत, तीच पत्रे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूपाने आली. नम्रतेचाही व्रतांत समावेश करावा अशी सूचना पुढे आली होती. गांधीजींनी ती मान्य केली नाही. सत्याचा, अस्तेयाचा अभ्यास करता येतो, नम्रतेचा अभ्यास करायला गेले की ती ढोंग होऊन बसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विनोबांनी पुढे व्रते श्लोकात बांधली, तेव्हा विनम्रता अकरा व्रतांच्या यादीत न ठेवता ती व्रते कशी पाळावीत हे सांगण्यासाठी वापरली. मला हा निर्णय फार खोल वाटतो. ख्रिस्ती परंपरेत याच्या उलट दिशेचाही मोठा प्रयत्न झाला आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या शिडीने चढून गेलेली थोर माणसे झाली, हे मान्य. पण माझ्यासारख्या सामान्य विश्वासणाऱ्याला पायऱ्या मोजून दिल्या की तो वर बघण्याऐवजी खाली किती जण राहिले ते बघतो.

मग प्रश्न उरतो. नम्रतेचा सराव करता येत नाही आणि गर्व तर रोज सरावाशिवाय येतो. माणसाने करायचे काय?

प्रभू येशूने मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला दिला आहे. एक परूशी, एक जकातदार. आपण सगळे तो लहानपणापासून ऐकतो आणि ऐकता ऐकता मनात म्हणतो, बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही. म्हणजे दाखला ऐकत असतानाच आपण परूशी होतो. पण थोडे थांबून बघू या, तो परूशी नेमके काय करतो आहे. तो खोटे बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, हे सगळे खरे असणार. त्याची चूक अशी की तो स्वतःचा हिशेब स्वतःच लिहितो, स्वतःच तपासतो, स्वतःच बरोबर म्हणून सही करतो, आणि देवापुढे फक्त वाचून दाखवतो. देवाने तपासावे अशी त्याची अपेक्षाच नाही. जकातदाराकडे जमेच्या बाजूला काही नाही. तो वही उघडी टाकतो आणि गप्प राहतो. दोघांतला फरक मला इथे दिसतो. स्वभावाने कोण गोड आणि कोण तोऱ्याचा, हा प्रश्नच त्या दाखल्यात नाही.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. नम्रता मनात उत्पन्न करता येत नसेल, पण आपला हिशेब दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय लावून घेता येते. जिथे मला कोणी तपासू शकतो तिथे माझा गर्व फार वाढू शकत नाही. आणि जिथे मला तपासणारे कोणी उरत नाही तिथे मी कितीही साधा राहिलो तरी आतून फुगत जातो. कुमारप्पा धंद्यानेच हिशेब तपासनीस होते, पण ते काम त्यांनी भक्तीसारखे केले.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर, दरभंगा उद्ध्वस्त झाले. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली मदत समिती झाली, देशभरातून पैसा आला, आणि त्या पैशाची व्यवस्था बघायला जमनालाल बजाजांनी कुमारप्पांना नेले. तिथे त्यांनी स्वयंसेवकाच्या खाण्याचा दैनिक खर्च तीन आणे ठरवला. मग गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले. त्यांच्या आहारात दूध, फळे, खजूर, आणि बरोबर माणसे. कुमारप्पांनी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना स्वच्छ सांगितले, हा खर्च तीन आण्यांत बसत नाही, तेव्हा मदत निधीतून मिळणार नाही, दुसरी सोय करा. मोटारीच्या पेट्रोलचेही तेच. आणि कळस म्हणजे गांधीजींनी बोलायला वेळ मागितला तेव्हा, हिशेब पुरे करायचे आहेत, ते होईपर्यंत मला वेळ नाही, असे उत्तर दिले.

हे ऐकून कोणी म्हणेल, हा तर उद्धटपणा झाला. मला तसे वाटत नाही. दोन गोष्टी बघा. पहिली ही की त्या पैशाचा मालक आपण नाही हे कुमारप्पांच्या मनात पक्के होते. तो पैसा घर पडलेल्या माणसाचा. मालक जर तो, तर कुमारप्पाही नोकर आणि गांधीही नोकर, आणि नोकरांमध्ये कोण थोर हा प्रश्न गैरलागू. दुसरी गोष्ट गांधीजींची. जो माणूस देशाला बोलावतो आणि देश येतो, त्याला एका हिशेबनिसाने थांबवले आणि तो थांबला. रागावला नाही, त्याला कामावरून काढले नाही. उलट त्याच वर्षाच्या शेवटी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा तो चालवायला याच माणसाला वर्ध्याला आणले. आपल्याला नाही म्हणणाऱ्या माणसाला जवळ ठेवणे ही नम्रतेची फार कठीण परीक्षा आहे. आपल्या संस्थांत ती रोज होते आणि आपण रोज नापास होतो.

त्याआधी आणखी एक प्रसंग घडला होता, तो चर्चशी थेट संबंधित आहे. १९३० च्या सत्याग्रहात लाठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. कलकत्त्याचे बिशप आणि हिंदुस्थानच्या अँग्लिकन चर्चचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्कॉट यांनी कायदेभंगाची चळवळ ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी जुळत नाही अशी भूमिका घेतली. कुमारप्पांनी त्यांना जाहीर पत्र लिहून जाब विचारला. ख्रिस्ताच्या नावाने बोलायचे आणि सरकारच्या हिंसेबद्दल मौन पाळायचे, हे कसे, असा त्यांचा सवाल होता. एक सामान्य विश्वासणारा, हाती कोणतेही धर्मपद नसलेला, देशातल्या सर्वांत मोठ्या धर्माधिकाऱ्याला शास्त्रावरून प्रश्न विचारतो, हे आजही पुष्कळांना खटकेल. आमच्याकडे नम्रता म्हणजे वरच्याचे ऐकणे असा अर्थ रूढ झाला आहे. पण खालच्याने विचारणे आणि वरच्याने उत्तर देणे याशिवाय नम्रता मंडळीत नांदू शकत नाही. बिशप, पाळक, खजिनदार, सगळे कारभारी. कारभाऱ्याला हिशेब चुकत नाही, असे प्रभूनेच दाखल्यात सांगून ठेवले आहे.

आता मगनवाडीकडे येतो. जमनालालजींनी आपली बाग आणि घर ग्रामोद्योग संघाला दिले आणि मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. बापू स्वतः १९३५ मध्ये तिथे राहत होते, शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले ते १९३६ मध्ये. कोलंबियाचा हा अर्थशास्त्री इथे कशात रमला होता? तेलाच्या घाणीत. बैलाला ओढायला हलकी आणि तेल जास्त काढणारी घाणी करण्याचे प्रयोग इथे झाले. हातसडीचा तांदूळ आणि गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ यांत पोषणाचा फरक किती, हातकागदाला लगदा कशाचा घ्यावा, मधमाश्या पेटीत कशा ठेवाव्यात, ताडाचा गूळ कसा करावा, रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा मगनदीप कसा असावा. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ या छोट्या मासिकातून हेच विषय. त्यांचे धाकटे बंधू भारतन कुमारप्पाही विद्वान, तेही याच कामाला लागले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. त्यात ठेवायला राजांच्या तलवारी नव्हत्या. चरखे, घाणी, चुली आणि गावच्या कारागिरांच्या हातचे काम होते.

या कामात विद्वत्तेची जी परीक्षा होते ती विद्यापीठात होत नाही. प्रबंध चुकला तर दुसरा प्राध्यापक टीका करील, आपण उत्तर देऊ. घाणी चुकली तर तेली ती वापरणारच नाही, आणि तुमची पदवी त्याला ठाऊकही नसेल. परीक्षक तो. त्याच मगनवाडीतली मंडळी, महादेवभाई आणि गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबहेन यांच्यासह, शेजारच्या सिंदी गावात बादल्या घेऊन मैला उचलायला जात. गावकरी बघत, लवकर कोणी हात लावत नसे, सवयी सुटत नसत. पहाटे उठून सेवा करावी आणि कोणी कौतुकही करू नये, हे फार थोड्यांना सोसते. सेवेचा गर्व हा सर्वांत चिवट गर्व, कारण तो काढायला गेलो की लोक म्हणतात, अहो, इतके करतात, थोडा अभिमान असला तर काय बिघडले? सिंदीच्या रस्त्यावर त्याला खायला काही मिळत नव्हते.

पुढे, कुमारप्पांच्या खोलीत एका गरीब खेडुताचे चित्र असे. हे कोण, असे कोणी विचारले तर ते सांगत, हा माझ्या धन्याचा धनी. धनी म्हणजे गांधी, आणि गांधींचा धनी हा. यात काव्य आहे असे समजू नका. हिशेब कोणाला द्यायचा हे त्या चित्राने ठरत होते.

१९४२ नंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक स्थायी अर्थव्यवस्थेवर, दुसरे येशूचे आचरण आणि उपदेश यांवर. दोन्हींना गांधीजींची १९४५ सालची प्रस्तावना आहे. अर्थशास्त्र आणि शुभवर्तमान हे दोन विषय त्यांनी एकाच कोठडीत, एकाच मनाने लिहिले. निसर्गाकडून घ्यावे किती आणि परत द्यावे किती, हा पहिल्या पुस्तकाचा प्रश्न. सृष्टीचा मालक आपण नाही, हे कळलेल्या माणसालाच तो पडतो. त्यामुळे माझ्या दृष्टीने ते पुस्तकही भक्तिग्रंथच आहे. गांधीजींनी त्यांना दोन पदव्या बहाल केल्या होत्या, धर्मशास्त्राचे डॉक्टर आणि ग्रामोद्योगाचे डॉक्टर. कोलंबियाच्या पदवीपेक्षा त्या त्यांना प्यारी असणार.

आता त्यांच्या रागाबद्दल. बरोबर काम करणाऱ्यांना तो सोसावा लागत असे. रक्तदाबाचा विकार होताच. तत्त्वासाठी भांडणारा माणूस हळूहळू तत्त्व आणि आपला हट्ट एक मानू लागतो, हा धोका त्यांनाही होता, आणि स्वातंत्र्यानंतर दिल्लीतल्या जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचे बिनसत गेले त्यात थोडा भाग याचाही असावा असे मला वाटते. मी त्यांना संत करायला आलेलो नाही. पण पन्नाशीनंतर, देशभर नाव झालेले असताना, ते सेलडोहसारख्या खेड्यात येऊन शेतीचा आश्रम उभा करायला लागले, दिल्लीत खुर्ची शोधत राहिले नाहीत. रागीट माणूस गर्विष्ठ असतोच असे नाही. आणि गोड बोलणारा नम्र असतोच असेही नाही, हा अनुभव तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठीशी आहे.

इथवर मी एका उच्चशिक्षित माणसाबद्दल बोललो. पण महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजात नम्रतेचा विषय काढला की जातीचा विषय काढावाच लागतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन जाते असे आपण शिकवतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये जे लिहिले आहे ते अधिक खरे आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे-ओवळे घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आणि मग एकदा त्यांच्या मनात हा भेद आपला आपणच कोसळला, कोणाच्याही हातचे खायला हरकत नाही असे त्यांनी ठरवले, आणि त्यानंतर १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. क्रम लक्षात घ्या. आधी वरचेपण गेले, मग पाणी डोक्यावर आले. ही गोष्ट त्या इतक्या मोकळेपणाने, स्वतःला न झाकता सांगतात की मराठीत आपला हिशेब असा उघडा मांडणारे दुसरे पुस्तक मला चटकन आठवत नाही.

पंडिता रमाबाईंचेही असेच. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. संस्कृत तोंडपाठ. पुढे बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढी सगळी विद्या त्यांनी कशासाठी वापरली? केडगावच्या मुक्तिसदनातल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता येईल असे सोपे मराठी बायबल करण्यासाठी. पांडित्य दाखवायची सोय असताना ते लपवणे, पानापानावर लपवणे, आणि हे वर्षानुवर्षे करत राहणे. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हेच काम हातात होते.

आणि आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. आपल्या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकायला लावले, त्यांच्यापुढे उभे राहून नम्र व्हा असे सांगणे हा उपदेश नाही, तो अन्याय आहे. शुभवर्तमानात मरीयेच्या स्तोत्रात देव बलवानांना आसनावरून खाली ओढतो आणि दीनांना वर उचलतो. म्हणजे नम्रतेची आज्ञा सर्वांना एकाच दिशेने लागू होत नाही. ज्याच्याकडे पद, पैसा, शिक्षण, आडनाव आहे त्याने खाली यायचे. ज्याला आजवर खाली बसवले त्याने ताठ उभे राहायचे, आणि ते उभे राहणे हा गर्व नव्हे. घरात बायकोने प्रश्न विचारला, मंडळीत तरुणाने विचारला, की त्याला गर्विष्ठ म्हणायचे, ही फार जुनी युक्ती आहे. ती आपण सोडली पाहिजे.

एक बारीक गोष्ट राहिली, पण माझ्या मते ती फार मोलाची आहे. वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी प्रभू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्राने आधी नकार दिला. दिसायला तो नकार नम्र आहे. पण प्रभूने तो मानला नाही. घेणे नाकारणे हाही गर्वाचा प्रकार आहे. मी देईन, मी सेवा करीन, मी सल्ला देईन, पण माझे पाय मळलेले आहेत हे कोणी बघू नये. याच्या उलट उदाहरण बघा. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले ते १९३९ मध्ये. संस्कृतचे पंडित, पूर्वी येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि अंगावर महारोग फुटलेला. त्या काळी महारोग्याला गावाबाहेर काढत. गांधीजींनी आपल्या झोपडीजवळ त्यांना झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. आपण त्यात नेहमी गांधींकडे बघतो. मी म्हणतो, एकदा शास्त्रीबुवांकडे बघा. सोवळ्यात वाढलेला विद्वान ब्राह्मण, जखमा उघड्या टाकून, दुसऱ्याचे हात आपल्या अंगावरून फिरू देतो आहे. ज्याला सारा देश बापू म्हणतो त्याच्याकडून सेवा घेतो आहे, नाही म्हणत नाही. देण्यापेक्षा हे अवघड असेल. आणि तिथून थोड्याच अंतरावर दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून महारोग्यांत राहून तेच काम करत होते, ज्यांचे छायाचित्र आपल्यापैकी फार जणांनी पाहिलेले नाही.

पवित्र गुरुवारी आमच्या पुष्कळ चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. पाय आधीच घरून स्वच्छ धुऊन आणलेले असतात. कोणाचे पाय धुवायचे हेही ठरलेले असते. मी विधीच्या विरुद्ध नाही. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर काही दिवसांतच त्यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले, त्यात एक मुस्लिम मुलगीही होती, तेव्हा त्या जुन्या विधीत पुन्हा जीव आला हे आपण पाहिले. पण वर्षातून एका संध्याकाळी धुतलेले पाय उरलेल्या वर्षाचा हिशेब फेडत नाहीत.

माझी विनंती म्हणूनच साधी आहे आणि ती भावनेची नाही, व्यवहाराची आहे. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे कोरण्याचे थांबवा. मंडळीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लावा, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत. खजिनदार आणि तपासनीस एकाच घरातले नसावेत. पाळकसाहेबांचा प्रवासखर्चही त्यात असावा, शाळेच्या आणि दवाखान्याच्या जमिनीचाही असावा. ज्याने वीस वर्षे एकच पद धरून ठेवले आहे त्याने या वर्षी ते सोडावे, आणि सोडताना सत्कार घेऊ नये. घरातही तसेच करावे. बायकोला, मुलाला, सुनेला विचारावे, माझे कुठे चुकते, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे, मध्येच खुलासा करू नये.

आणि पुढच्या वार्षिक सभेत, मागच्या बाकावरून, फाटक्या चपलेतला कोणी म्हातारा किंवा कालच मिसरूड फुटलेला पोरगा उठून एखाद्या खर्चाबद्दल विचारू लागला, तर त्याला खाली बसवू नका. त्याला पुढे बोलवा, वही त्याच्या हातात द्या आणि त्याचे वाचून होईपर्यंत सभा थांबवा.